सोफियाच्या नावाचं गाव

अजमान
१२ जानेवारी २०२५

प्रिय पॅम,

बातमी पक्की आहे. तू मेडोलँड्स टाउनशिपमध्ये राहायला गेलीस. काल दुबईतल्या देऱ्याहून सिरिलचा फोन आला, त्यानेच सांगितलं. तुझ्या टेबोहोने त्याला नवा पत्ता पाठवला म्हणे, पुढचं कार्गो इकडे टाक म्हणून. सिरिल आपला चुलतभाऊ, त्यातून कार्गोवाला, त्याला कळतं. सख्ख्या बहिणीला कळत नाही.

आपण फोनवर भांडतो म्हणून आईने नियम घालून दिलाय: मोठं काही बोलायचं असेल तर मेल लिहायची, लिहिताना जीभ आवरते. तर आवरून लिहिते.

अभिनंदन.

दुबईत मेडोज आहे, तुला आठवतं का? तू इथे हॉटेलात फ्रंट ऑफिसला होतीस तेव्हा आपण एकदा चुकून तिकडे वळलो होतो. माझा स्टॅनली एसी मेंटेनन्सच्या कामाला जायचा तिथे. सगळे व्हिला. तळी आहेत, तळ्यात बदकं आहेत, बदकांना सावली आहे. आमच्या बिल्डिंगच्या पार्किंगला सावली नाही. तुझं ते मेडोलँड्स, म्हणजे त्याच्याहून मोठं असणार. वर टाउनशिप! क्लब हाऊस आहे का? पूल? गेटवर सिक्युरिटी नाव लिहून घेते का? बेडरूम किती?

आमचं तुला माहीतच आहे. एक बेडरूम, हॉल. हॉलमध्ये आई आणि अनन्या. खिडकी उघडली की समोरच्या बिल्डिंगचा एसी आमच्या घरात गरम हवा सोडतो. मी तक्रार करत नाही. फक्त एवढंच की लहानपणापासून मी मागायचे आणि तुला मिळायचं. फर्स्ट कम्युनियनचा फ्रॉक आठवतो? माझ्यासाठी शिवला, मला आखूड झाला, घातला तू. फोटोही तुझाच आहे भिंतीवर.

आईला मी सांगितलं, पॅमने टाउनशिपमध्ये घर केलं. लसूण सोलत होती. हात थांबला तिचा. मग उरलेला लसूण तसाच ठेवून गॅलरीत जाऊन उभी राहिली. आनंद झाला असेल.

तुझी,
मिल्ड्रेड


मेडोलँड्स, जोहान्सबर्ग
२१ जानेवारी २०२५

प्रिय मिलीबाय,

तुझी मेल मिळाली. क्लब हाऊस, पूल, सिक्युरिटी! वा. मला माहीत होतं तू टोमणा मारशील, इतका सजवून मारशील असं वाटलं नव्हतं. म्हणूनच कळवलं नव्हतं.

विचारलंच आहेस तर उत्तर देते. घर चार खोल्यांचं. स्वतंत्र, चारी बाजूंनी मोकळं. मागे अंगणात आणखी दोन खोल्या. पुढे पीचचं झाड. टेबोहोच्या आईचं, म्हणजे मा डिकेलेदीचं घर. मा आता एकटी असते, मागच्या महिन्यात बाथरूममध्ये पडली, म्हणून आम्ही भाड्याचा फ्लॅट सोडून इथे आलो.

हे घर कोणी विकत घेतलेलं नाही. सरकारने दिलं, १९५५ साली. त्यांना अर्जसुद्धा करावा लागला नाही. सरकारने आपणहून ट्रक पाठवले, सामान उचलायला माणसं पाठवली, बरोबर पोलीस बंदोबस्त दिला. इतका मान कोणाला मिळतो? झालं समाधान?

आता कामाचं. आईला माझ्याकडे पाठव. तीन महिने तरी. पाच वर्षं झाली, ती तुझ्याकडे आहे. तू सकाळी उठतेस तेव्हा ती चहा करत असते. तुला ते दिसतसुद्धा नसेल आता. मला इथे कुकरची शिट्टी झाली तरी ती आठवते. तुझ्याकडे ती नवव्या मजल्यावर असते. इथे निदान पाय जमिनीला लागतील.

पॅम


अजमान
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय पॅम,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं. मग स्टॅनलीला वाचून दाखवलं. तो म्हणाला, "सरकारने दिलं? म्हणजे इथल्या लोकलसारखं?"

तेच मलाही वाटलं. इथे लोकलना, म्हणजे शेख लोकांना, सरकार घर देतं. जमीन देतं, व्हिला देतं. आपण वीस वर्षं राहिलो तरी आपल्याला व्हिसाचा शिक्का देतं. तू थेट लोकलच्याच घरात जाऊन बसलीस. अर्ज नाही, ट्रक सरकारचे, पोलीस सलाम करायला. मागे दोन खोल्या म्हणजे मेडसाठी आणि ड्रायव्हरसाठी असणार. तू लिहिलं नाहीस, पण मला कळतं.

एक गोष्ट लिहिते. तुझं लग्न ठरलं तेव्हा सगळे काय काय बोलले, आठवतं? काळा नवरा, कुठली भाषा, कुठला देश. मी पण बोलले. आता मी शारजाच्या चर्चमध्ये मिसा सुटल्यावर सगळ्यांना सांगितलं, माझ्या बहिणीचं साऊथ आफ्रिकेत टाउनशिपमध्ये घर आहे, मेडोलँड्समध्ये. आमच्या क्वायरमधली एक बाई, तिचा भाऊ कॅनडात आहे म्हणून वर्षभर आमचं डोकं खाते, ती गप्प झाली. मला इतकं बरं वाटलं. घरी येईपर्यंत. लिफ्ट बंद होती.

आईचं विचारशील तर ते जमणार नाही. गुडघे फार दुखतात तिचे. डॉक्टर म्हणाले, लांबचा विमानप्रवास अजिबात नको. त्यातून मोतीबिंदूचं ऑपरेशन व्हायचंय, तिला धड वाचताही येत नाही. तुझी पत्रं मीच वाचून दाखवते. म्हणजे जेवढी दाखवायची तेवढी.

आणि पाच वर्षांचं म्हणशील तर ती पाच वर्षं मी सांभाळलंय तिला. तू फोनवर पाच मिनिटं हसवतेस आणि दिवसभर मला ऐकायला लागतं, "पॅम अशी, पॅम तशी." आता तिला व्हिला दाखव, पीचचं झाड दाखव. ती परत येईल कशाला? सहा महिने यूएईबाहेर राहिली की तिचा व्हिसा खलास. तुला हे माहीत असणारच.

मिल्ड्रेड


मेडोलँड्स
१६ फेब्रुवारी २०२५

प्रिय मिलीबाय,

मी तुझं पत्र टेबोहोला भाषांतर करून सांगितलं. मेड आणि ड्रायव्हरवर तो खुर्चीवरून पडायचा बाकी होता. मागच्या एका खोलीत टॅक्सीवाला भाड्याने राहतो, म्हणजे ड्रायव्हर आहे खरा. आपला नाही एवढंच.

हसून झाल्यावर माझ्या लक्षात आलं. तू टोमणा मारत नव्हतीस. तुला खरंच वाटलं. वसईला हायवेवर बोर्ड लागतात ना, 'भव्य टाउनशिप, वन अँड टू बीएचके', तू ते वाचत होतीस. आणि मी तुझ्यावर चिडून उलटं-सुलटं लिहीत बसले. आता सरळ लिहिते.

इथे टाउनशिप म्हणजे काळ्या लोकांना गोऱ्यांच्या शहराबाहेर नेऊन ठेवलं ती वस्ती. मा आठ वर्षांची होती. ते जोहान्सबर्गमध्येच राहायचे, शहराला लागून, सोफियाटाउन नावाच्या भागात. तिथे काळ्या माणसांना स्वतःची जमीन घेता येत होती. एकाच गल्लीत आफ्रिकन, इंडियन, चिनी, सगळे. सरकारला ते नको होतं. जाहीर केलं होतं १२ फेब्रुवारी, आले तीन दिवस आधीच, पहाटे, बंदुका घेऊन. मग ट्रक. माची आई चुलीवरची लापशी उतरवायला गेली, तर तिला म्हणाले, भांड्यासकट चढ. मा सांगते, भांडं मांडीवर होतं आणि मांडी भाजत होती, पण ठेवायला जागा नव्हती. कुत्रं ट्रकमागे धावलं. कुठपर्यंत धावलं ते तिने बघितलं नाही, कारण तिला उलट्या बाजूला तोंड करून बसवलं होतं.

इथे आणून सोडलं. नुसतं माळरान, आणि त्याचं नाव मेडोलँड्स. चार भिंती, वर पत्रा, आत दारं नाहीत, खाली माती. मग भाषेप्रमाणे झोन पाडले, त्स्वाना इकडे, झुलू तिकडे. माची शेजारीण, जिच्याबरोबर ती रोज शाळेत जायची, ती दुसऱ्या झोनमध्ये गेली. तिकडे सोफियाटाउन बुलडोझरने सपाट केलं. चर्च तेवढं राहिलं. वर गोऱ्यांची घरं बांधली आणि गावाला नाव दिलं त्रिओम्फ. विजय! लोकांना हाकलल्याचा. पन्नास वर्षांनी जुनं नाव परत मिळालं, पण मा परत गेली नाही. म्हणते, "माझ्या झाडाला फळं इथे येतात."

सत्तर वर्षं झाली या महिन्यात. इथल्या शाळेत कार्यक्रम होता, माला बोलायला बोलावलं होतं.

आता तुला एक गंमत सांगते. ते सोफियाटाउन नाव कसं पडलं माहीत आहे? तिथली जमीन ज्या माणसाची होती, त्याच्या बायकोचं नाव सोफिया. मी माला सांगितलं, माझ्या आईचं नाव सोफिया. ती म्हणाली, "मग तिला अजून बोलावलं का नाहीस?"

आणि हो, मी आईला परवा फोन केला होता, तू ऑफिसात असताना. गुडघ्यांचं विचारलं. म्हणाली, रोज संध्याकाळी समुद्रकाठच्या कॉर्निशवर दोन चकरा मारते.

पॅम


अजमान
३ मार्च २०२५

प्रिय पॅम,

गुडघ्यांचं जाऊ दे.

तुझं पत्र आलं तेव्हा आम्ही जेवत होतो. मी फोनवर वाचत होते. माझा चेहरा बघून अनन्याने विचारलं. मी सांगितलं, तर ती म्हणाली, "ममा, डिड यू इव्हन गूगल इट? वी डिड अपार्थाइड इन ग्रेड सेव्हन." स्टॅनली पाणी प्यायला उठला, म्हणजे हसायला. क्वायरमधल्या बाईच्या मुलीनेही ग्रेड सेव्हन केलंय. गेल्या शुक्रवारी ती बाई माझ्याजवळ आली, खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "तुझ्या बहिणीसाठी प्रार्थना करते हं." हे मी तुझ्यामुळे सहन करतेय.

तरी खरं सांगू? पत्र वाचल्यावर मला बरं वाटलं. त्या दिवशी मी सुरमई आणली, तळली, दोन तुकडे जास्त खाल्ले. पत्र्याचं घर! मग रात्री भांडी घासताना ती लापशीच्या भांड्याची गोष्ट आठवली आणि हातातलं भांडं तसंच धरून उभी राहिले. पण बरं वाटलं होतं, ते आधी.

आईला मी सांगणार नव्हते. अनन्याने सगळं पत्र वाचून दाखवलं, इंग्रजी-मराठी करत, काही न गाळता. आईने एकच विचारलं: "तिच्या घरी विहीर होती का?"

मग अनन्याला व्हिडिओ कॉल लावायला सांगितला; पुढचं तुला माहीत आहे, तू होतीसच. पण तुला कॅमेऱ्यात आईचा चेहरा दिसला असेल, मला पाठ दिसली. ती सोफ्याच्या अगदी कडेला बसली होती, उठून चालू लागेल अशी. तुझी मा त्स्वानात बोलतेय, आई वसईचं बोलतेय, तू आणि अनन्या मध्ये धापा टाकताय. मग माने कढईतून ते गोल गोल तळलेलं काय काढून दाखवलं, मग्विन्या? आणि आई ओरडली, "अगं, ह्या तर फुग्या!" आणि दोघी हसायला लागल्या, तुमच्या भाषांतरासाठीही थांबल्या नाहीत. पाच वर्षं मी दर ख्रिसमसला तिच्याबरोबर फुग्या तळते. माझ्याबरोबर कधी अशी हसली नाही.

आणि मग ते विहिरीचं. बाबांनी वसईची वाडी बिल्डरला दिली तेव्हा मला आनंद झाला होता, तुलाही झाला होता, लपवू नकोस. आपल्याला वाटलं, आईलाही झाला. ग्रीन पाम टाउनशिप! ब्रोशर मी फ्रिजवर लावलं होतं. जेसीबीने विहीर बुजवली तेव्हा आई काठाशी उभी होती आणि रहाटाची दोरी सोडून घ्यायची राहिली, हे तिने आपल्याला कधी सांगितलं? नाही. तुझ्या माला सांगितलं. पहिल्याच भेटीत, फोनवर. मी तिथेच गवार निवडत बसले होते, पॅम. मला हाक मारली नाही.

आता तिला यायचंय. मी म्हटलं, तिकडे सेफ नाही, चोऱ्या होतात. ती म्हणाली, "व्हायच्या त्या चोऱ्या आम्हा दोघींच्याही होऊन गेल्या."

मी व्हिसाचा अर्ज भरलेला नाही. भरणारही नाही. तुला एकटीलाच सगळं मिळतं असं नाही.

मिल्ड्रेड


मेडोलँड्स
११ मार्च २०२५

प्रिय मिलीबाय,

चिडून लिहिलेलं पत्र मी दोनदा पुसलं. हे तिसरं.

तुला वाटतंय, आई माझ्याकडे येतेय. मलाही तसंच वाटत होतं. मी तिच्यासाठी खोली रंगवली, आपल्या देवघरासारखा कोपरा केला, मदर मेरीचा फोटो शोधून आणला. परवा फोनवर मी तिला विचारलं, "आई, पहिल्या दिवशी काय खाशील?" तर म्हणते, "डिकेलेदी काय करते ते." मग तिने माला फोन द्यायला सांगितलं. मी दिला आणि बाहेर पीचखाली जाऊन बसले. आत दोघींचं चाललंय, कोणाला कोणाचं काही कळत नाही आणि चाळीस मिनिटं संपत नाहीत.

टेबोहो बाहेर आला, म्हणाला, "यू आर जेलस ऑफ माय मदर?" मी म्हटलं, हो. तो म्हणाला, "जॉइन द क्यू." त्याची आई त्याच्याशीही एवढं बोलत नाही.

तुला एक सांगायचं होतं. मा तिला हाक कशी मारते ते तू ऐकलंस ना? "सोफिया." नुसतं. पहिलं अक्षर लांबवून, जसं आपण आपल्या गावाचं नाव घेतो. मी विचार करत होते, आईला नावाने हाक मारलेली मी शेवटची कधी ऐकली. बाबा मारायचे. मावशी मारायची. दोघं गेले. आता ती तुला आई, मला आई, स्टॅनलीला मम्मी, अनन्याला नानी, तुमच्या बिल्डिंगच्या वॉचमनला आंटी. सोफिया कोणाचीच नाही. आणि इथे एक बाई आहे, जिच्यासाठी ते नाव म्हणजे घर आहे.

यात तुझ्या-माझ्या बाजूने काही करता येण्यासारखं नाही. त्या नावाने तू हाक मारू शकत नाहीस, मी पण नाही.

अर्ज तू भरला नाहीस तर मी अनन्याला सांगून भरून घेऊ शकते. ती तयार आहे. पण आई म्हणाली, "मिल्ड्रेडनेच भरला पाहिजे. नाहीतर मी जाणार नाही." का, ते तिलाच विचार. मला यावरूनही जळायला झालं, हे तुझ्या माहितीसाठी.

पॅम


अजमान
१७ एप्रिल २०२५

प्रिय पॅम,

व्हिसा आला. आज दुपारी स्टॅनली पासपोर्ट घेऊन आला, मी स्वतः शिक्का बघितला. तीन महिने.

मी विचारलं आईला, मीच का. म्हणाली, "वाडी गेली तेव्हा मला कोणी विचारलं नव्हतं. तुला न विचारता मी निघून गेले तर तुलाही तसंच वाटेल." मी लॅपटॉप उघडला. 'मदर्स फुल नेम' लिहिताना अनन्या मागून म्हणाली, "नानी, यू हॅव अ टाउन!" आई लाजली. चौऱ्याहत्तराव्या वर्षी.

ऑपरेशन झालं, एक डोळा आता स्वच्छ आहे. तुझी पत्रं आता तीच वाचते. माझीही वाचली, पाठवलेली सगळी. सुरमईचं वाचून म्हणाली, "दोन तुकडे नव्हते, तीन होते."

तिच्या बॅगेत काय आहे ते तुला सांगून ठेवते, म्हणजे एअरपोर्टवर गोंधळ नको. इंदेलचा मसाला, माझ्या हातचा. मासाठी एक साडी, ती कशी नेसणार देव जाणे. थंडीसाठी माझं जाड स्वेटर, कारण तुमच्याकडे जूनमध्ये थंडी असते असं गूगलवर वाचलं. हो, केलं गूगल. केळीचा कोंब न्यायचा हट्ट होता. मी सांगितलं, कस्टमवाले काढून टाकतील आणि थंडीत मरेल. तर म्हणाली, "डिकेलेदीचं झाड नाही मेलं."

तिला घेऊन काल कॉर्निशवर गेले होते. नेहमी ती एकटी जाते, मला ऑफिस असतं. तिथल्या बाकावर बसलेल्या एका मलबारी बाईने हात केला, "सोफियाचेची!" चेची म्हणजे ताई, तरी इथेही तिला नावाने हाक मारणारी आहे. पाच वर्षांत मला माहीत नव्हतं. मी त्या बाईकडे नीट बघून घेतलं. आता तिच्यावरही लक्ष ठेवावं लागेल.

फ्लाइट ईस्टरनंतरच्या शनिवारी, २६ तारखेला. व्हीलचेअर सांगितली आहे, ती बसणार नाही. सकाळी इथून निघेल, संध्याकाळी तुमच्याकडे पोचेल. माला आणू नकोस एअरपोर्टवर. आधी तू भेट. निदान पंधरा मिनिटं तरी तुला मिळू देत. मग घरी जाऊन ती दुसरीचीच होणार आहे.

परतीचं तिकीट २० जुलैचं काढलंय. व्हिसा वाढवता येतो, हे मी तिला सांगितलेलं नाही. तू पण सांगू नकोस. परत येशील ना, विचारलं तर म्हणाली, "इन्शाल्ला." वसईची बाई आणि इन्शाल्ला! इथे राहून एवढंच शिकली, आणि तेही नेमकं हेच.

शनिवारी रात्री तू फोन करशील. मी जागी असेन. पण तू बोलू नकोस, फोन तिच्या हातात दे. मला बघायचंय, ती आधी माझं नाव घेते की तिकडचं सगळं सांगत सुटते.

तुझी,
मिलीबाय